गार लागणारा देह

चातुर्मासात रसायनीजवळची पाताळगंगा दुथडी भरून वाहते. बुडालेल्या मनुष्यास काठावर आणले की त्याचा देह गार लागतो आणि भोवतालचे लोक हात आवरतात. हा स्पर्श फसवा आहे. नॉर्वेत १९९९ साली बर्फाखाली अडकलेल्या ॲना बोगेनहोल्म या डॉक्टरचे तापमान १३.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. तरीही ती वाचली. त्या गोठवणाऱ्या थंडीनेच तिचा मेंदू राखला. पाताळगंगेचे पाणी इतके थंड कुठले! म्हणून येथे आधी श्वास व छातीवर दाब. ओले कपडे काढणेही ते न थांबवता. तापमान मोजण्यासाठी खोळंबू नये. कपाळावरचा आकडा अशा वेळी विश्वासार्ह नसतोच; रुग्णालयात अन्ननलिकेतून देहाच्या गाभ्याचे तापमान घेतात. हृदय पुन्हा चालू झाल्यावरही ही नोंद सुरू राहते, कारण आता मेंदूला भय असते ते ज्वराचे.