गलाट्याच्या बुरुजाची गोष्ट

तुर्कस्तानातल्या इस्तंबूलला कधी गेलात, तर गलाटा पुलावर जरूर उभे राहा. खाली गोल्डन हॉर्न, म्हणजे 'सोन्याचं शिंग' नावाची खाडी. एका तीरावर जुनं शहर, दुसऱ्या तीरावर टेकडी आणि तिच्यावर टोकदार टोपी घातलेला दगडी बुरूज. कुठल्याशा राजानं बांधला असेल, असं वाटतं ना? छे! १३४८ मध्ये तो बांधला इटलीतल्या जिनोआच्या व्यापाऱ्यांनी, तेही सम्राटाची परवानगी नसताना!

पाहुण्यांची एवढी हिंमत झाली कशी? त्यासाठी थोडं मागे जाऊ या.

तेव्हा या शहराचं नाव होतं कॉन्स्टँटिनोपल. बायझंटाईन साम्राज्याची ही राजधानी. बंदरातल्या मालावर शेकडा १० जकात बसे आणि तिजोरी भरे. १०८१ मध्ये नॉर्मन लोकांनी साम्राज्यावर स्वारी केली. सम्राट अलेक्सियसकडे पुरेसं आरमार नव्हतं. व्हेनिसची जहाजं मदतीला आली. त्या बदल्यात १०८२ मध्ये त्यानं सोन्याची मोहोर लावून करार दिला: व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकात माफ! वर खाडीकाठी धक्के आणि दुकानंही दिली.

आता गंमत बघा. बाजारात शेजारी शेजारी दोन दुकानं. एकाला जकात भरावी लागते, दुसऱ्याला नाही. स्वस्त कोण विकेल? परदेशी व्यापारी गब्बर झाले आणि गावकरी धुसफुसू लागले. १२ मार्च ११७१ ला सम्राट मॅन्युएलनं साम्राज्यभरातल्या व्हेनिसकरांना एकाच दिवशी पकडून त्यांचा माल जप्त केला. ११८२ मध्ये तर जमावानं शहरातल्या इटालियनांची कत्तल केली. त्यात निरपराध बायकामुलंही मेली.

१२०४ मध्ये व्हेनिसच्या जहाजांतून धर्मयुद्धाचे सैनिक आले आणि त्यांनी राजधानीच लुटली. तिथून नेलेले ब्राँझचे चार घोडे आजही व्हेनिसमध्ये आहेत.

१२६१ मध्ये बायझंटाईनांनी शहर परत मिळवलं. पण पुन्हा आरमाराची गरज पडली होती, म्हणून या वेळी करार झाला जिनोआशी. पुन्हा जकात माफ! पुढे खाडीपलीकडचं गलाटा त्यांना मिळालं. त्या काळच्या ग्रेगोरास नावाच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय, की गलाट्याची जकात वर्षाला २,००,००० सोन्याची नाणी, तर राजधानीची जेमतेम ३०,०००!

सम्राटानं आपल्या बाजूची जकात कमी केली आणि स्वतःची जहाजं बांधायला घेतली. जिनोआकरांनी युद्ध पुकारलं आणि १३४९ मध्ये त्याचं नवंकोरं आरमार हातचं गेलं. बुरूज मात्र उभा राहिला. आज तिथे संग्रहालय आहे. वर चढलात की खाडीपलीकडची सगळी जुनी राजधानी दिसते.

अलेक्सियसचं चुकलं का? मदत घेतली नसती तर कदाचित राज्यच गेलं असतं. पण त्या करारात एक गोष्ट राहून गेली: सवलत किती वर्षांची, हे कुणी लिहिलंच नाही. तुम्ही सम्राट असता, तर मोहोर लावण्याआधी काय लिहिलं असतं?