आमच्या खाचरातला वाडा

दिवाळीनंतर भात काढून झाले की आमच्याकडे धनगरांचे वाडे येतात. या वर्षी एक वाडा आमच्याच खाचरात बसला. रात्री मेंढ्या बसल्या की लेंडीचे खत होते. त्याबद्दल वडील त्यांना तांदूळ देतात.

तांदूळ घेऊन मी गेलो. कुत्रे लई भुंकले. मी बांधावरच थांबलो. एक आजी म्हणाली, "ये बाळा, काय नाय करत."

मी विचारले, "आजी, तुमचे गाव कोणते?"

"फलटणाकडं हाय. तिकडं चारा नाय, म्हणून हिकडं यायचं. पावसाळ्यात माघारी. हिकडचा पाऊस मेंढ्यांना सोसत नाय."

त्यांचे सगळे घर घोड्यावर बसते. कोंबड्यासुद्धा! भिंती नाहीत, चूल म्हणजे तीन दगड.

आजीची नात माझ्याएवढीच आहे. ती कोकरे ज्याच्या त्याच्या आईला पाजत होती. मला तर सगळी सारखीच दिसली. मी एक कोकरू भलत्याच मेंढीला लावले. तिने मला ढुशी दिली आणि मी पडलो. नात खूप हसली.

मी म्हणालो, "तू कितवीला?" ती गप्प झाली. आजी म्हणाली, "दुसरीतनं काढली. कोकरं कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी मी माझे तिसरीचे पुस्तक नेले. ती बोट ठेवून एकेक अक्षर वाचत होती. आजी भाकरी थापायची थांबली.

तिसऱ्या दिवशी वाडा हलला होता. खाचरात फक्त तीन काळे दगड होते. पुस्तक तिच्याकडेच आहे. मी आईला सांगितले नव्हते. आता ती इथे वाचेल.