टचची काच गेली? अख्खं युनिट बदला!

गाडी २०१७ ची, सेकंडहँड. उन्हाळ्यात कंपनीच्या स्क्रीनचा टच मेला. चित्र दिसतं, पण बोट लागत नाही. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "काच सुटी मिळत नाही सर, अख्खं युनिट बदला." एस्टिमेट ३८ हजार! तालुका वार्ताहराचं चार महिन्यांचं मानधन झालं की हे.

मग ९ हजारांचा अँड्रॉइड स्टिरिओ आणला, गाडीच्या मापाची फ्रेम आणि कपलरसकट. कपलर मुद्दाम सांगतोय, तो असला की मूळ वायरिंगला कात्री लागत नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढली, डॅशबोर्ड खोलला, जोडला. चालूच होईना. पिवळी वायर कायम करंटची, लाल चावीवरची. मी शहाण्याने लाल पिवळीलाच जोडली. गाणं वाजलं, कॉलर ताठ! सकाळी बॅटरी ठार. स्टिरिओ रात्रभर जागाच होता ना. पाणीटंचाईची आढावा बैठक हुकली, बातमी दुसऱ्याने मारली. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने दहा मिनिटांत उडालेला फ्यूज शोधला. पन्नास रुपये घेतले.

माझा मूर्खपणा सोडा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टल काढलं. त्यात वाहनंही आहेत. मग काच सुटी का नाही, हे मी सर्व्हिस सेंटरकडे लेखी विचारलंय. अजून उत्तर नाही. आलं की इथेच टाकतो. तुमच्याकडे असं एस्टिमेट असेल तर फोटो इनबॉक्स करा, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवाच.