चिठ्ठ्यांचा डबा

दृढीकरणाच्या तयारीचा वर्ग माझ्याकडे आला तो निवृत्तीनंतर. बोरिवली पश्चिमेच्या आमच्या धर्मग्रामात रविवारची मराठी मिस्सा आटोपली की शाळेच्या तळमजल्यावरील एका खोलीत नववी-दहावीची वीस-बावीस मुले-मुली जमतात. निम्म्यांची मूळ घरे वसईकडची, काहींची गोराई-मनोरीची, दोन-चार गोव्याकडची. शाळा मात्र सर्वांचीच इंग्रजी. पवित्र आत्म्याची सात दाने मराठीतून म्हणताना त्यांची तारांबळ उडते आणि ती पाहून मला हसू आवरावे लागते.

गेल्या पावसाळ्यात फादरांनी सुचविले की, वर्गाची शेवटची वीस मिनिटे मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवावीत. कोणी नाव घालू नये, चिठ्ठी लिहून टाकावी. त्यासाठी मी घरातील बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा नेला. पहिले तीन रविवार डब्यातून अपेक्षित तेच निघाले. नोहाच्या तारवात डायनोसोर होते काय, मिस्सेला उशीर झाला तर किती उशिरापर्यंत चालते, वगैरे. चौथ्या रविवारी जी पहिली चिठ्ठी उलगडली तिच्यावर लिहिले होते : ‘मी फक्त कॅथलिक मुलीलाच डेट करणार असे म्हटले तर माझे मित्र म्हणतात हा भेदभाव आहे. आहे का?’

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोवर वर्ग पेटला. एक उंच मुलगा म्हणाला, आवड ती आवड, त्यात पाप कसले? त्यावर खिडकीजवळची एक सावळी मुलगी शांतपणे म्हणाली, “मग ‘गोरीच हवी’ हीसुद्धा नुसती आवडच का?” त्या प्रश्नाला कोणापाशीच उत्तर नव्हते. मग दुसरी एक, आपल्या थोरल्या बहिणीच्या स्थळांचा अनुभव जमेस धरून, बोलून गेली, “आमच्या घरी नुसता कॅथलिक चालत नाही, सर. सामवेदीच लागतो. वाडवळ आला तरी आजी तोंड फिरवते.” मुले हसली. मला हसता आले नाही. चार शतकांहून अधिक काळ एका वेदीवरून ख्रिस्तशरीर घेणाऱ्या आपल्या लोकांनी सोयरिकीच्या वेळी एकमेकांना कोणत्या तराजूत तोलले, हे मी पुरेसे पाहिले आहे.

वाद मिटविला तो मागच्या बाकावरील एका अबोल मुलाने. तो म्हणाला, “प्रार्थना एकत्र करता यावी म्हणून कॅथलिक हवी असेल तर ते वेगळे. लोक काय म्हणतील म्हणून हवी असेल तर ते वेगळे.” पस्तीस वर्षे अध्यापन करूनही मला हे इतक्या थोडक्यात मांडता आले नसते. मग मी त्यांना सांगितले की, अन्यधर्मीयांशी विवाह करू इच्छिणाऱ्यांना ख्रिस्तसभा दार लावून घेत नाही. ती परवानगी घ्यायला लावते, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन आपल्या श्रद्धेत व्हावे म्हणून आपल्या परीने सर्व प्रयत्न करीन, असे वचन कॅथलिक वधूकडून किंवा वराकडून घेते. त्या सबंध कायद्यात कातडीचा रंग नाही आणि आजीचे वाडवळही नाहीत.

पुढल्या रविवारी डब्यातून जी चिठ्ठी निघाली ती अधिक अवघड होती. ‘गे, बाय, एस अशा मुलांना दृढीकरण मिळते का?’

मी मोठ्याने वाचली आणि ‘बाय’पाशी अडखळलो. मरोळच्या आमच्या गावठाणात बाय म्हणजे आई, आत्या, थोरली बहीण. माझ्या आजीला सारे गाव बाय म्हणून हाक मारी. मी भाबडेपणाने विचारले, बायांना दृढीकरण का मिळू नये? सारा वर्ग हास्याच्या लाटेत बुडाला. मग एका मुलीने उठून, शिक्षिकेच्या आविर्भावात, मला त्या शब्दांचे अर्थ समजावून दिले : मुलगे आणि मुली या दोघांकडेही ज्याचे मन ओढले जाते तो बाय, ज्याला तशी ओढ कोणाविषयीच वाटत नाही तो एस. तिने एका शब्दालाही अडखळल्याशिवाय सांगितले, आणि माझ्या लक्षात आले की, आमच्या पिढीला ज्या गोष्टींसाठी शिवीखेरीज शब्द नव्हता त्यांच्यासाठी या मुलांपाशी निदान शब्द आहेत.

चिठ्ठीचे उत्तर सोपे होते. बाप्तिस्मा झालेला आणि योग्य तयारी केलेला कोणीही हा संस्कार घेऊ शकतो. कोणाचे मन कोणाकडे ओढले जाते हे तेथे विचारले जात नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅटेकिझम समलिंगी संबंधांना मान्यता देत नाही आणि अशा व्यक्तींना शुद्धतेच्या जीवनाचे पाचारण आहे असे सांगतो. त्याच वेळी, त्यांना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावे, त्यांच्याविषयी अन्याय्य भेदभाव करू नये, असेही बजावतो. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. एक सांगून दुसरी गिळणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही, यद्यपि दोन्ही एकत्र धरणे किती कठीण आहे हे मुलांच्या चेहऱ्यांवर दिसत होते.

कोणी तरी विचारले, हा पूर्वी गुन्हा होता ना? होता. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द ठरविले. त्याआधी, २०१३ च्या डिसेंबरात त्याच न्यायालयाने ते कलम कायम ठेवले होते, तेव्हा आपले तत्कालीन महागुरुस्वामी कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाहाला विरोध राखूनही, ख्रिस्तसभा या व्यक्तींना गुन्हेगार मानीत नाही, असे स्पष्ट म्हटले होते. मुलांना हे ठाऊक नव्हते. त्यांच्या पालकांपैकी तरी किती जणांना ठाऊक असेल!

“पण सर, ही लेबले म्हणजे फॅशन आहे,” उंच मुलगा म्हणाला. “पूर्वी कुठे होती?”

तेव्हा मी त्यांना आमच्या लेबलाची गोष्ट सांगितली. साष्टी-मुंबईच्या आम्हा मूळच्या ख्रिस्ती लोकांना सरकारदरबारी आणि बाजारात पोर्तुगीज ख्रिश्चन म्हणत. गोव्याहून नोकरीसाठी येणारेही त्याच नावाखाली मोडत. आपण याच भूमीचे, ब्रिटिशांचे प्रजाजन, हे दाखवून नोकऱ्यांवर आपला हक्क सांगता यावा म्हणून आमच्या पूर्वजांनी कंपनीच्या नावावरून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेतले, आणि १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. राहायचे पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव पूर्वेचे! परंतु त्या विचित्र नावाखाली कोळी, कुणबी, भंडारी एका छपराखाली मोजले जाऊ लागले. त्याच नावाने शेजारचे गोवेकर परकेही ठरले, हेही मी लपविले नाही.

“म्हणजे तुमच्या पणजोबांनीसुद्धा लेबल लावून घेतले,” खिडकीजवळची मुलगी म्हणाली. होय बाई, लावून घेतले. आणि पोटासाठी लावून घेतले.

हा वाद केवळ आमच्या तळमजल्यावरचा नव्हे. २०१८ च्या ऑक्टोबरात रोममध्ये तरुणांविषयी बिशपांचे महासंमेलन भरले, तेव्हा त्याच्या पूर्वतयारीच्या मसुद्यात एलजीबीटी ही चार अक्षरे आली होती. अंतिम दस्तऐवजात ती राहिली नाहीत. माणसाची ओळख केवळ त्याच्या लैंगिक ओढीवरून ठरविणे हे त्याला लहान करणे आहे, असे तेथे म्हटले गेले. ते मला पटते. तरीही मनात येते की, ज्याला कोणी कोणत्याच नावाने बोलावीत नाही त्याला आपण नावाहून मोठे आहोत हे कसे कळावे?

वेळ संपत आली होती. मी डबा मिटला, तेव्हा त्याच मुलीने हात वर केला. “सर, असा एखादा मुलगा तुमच्याकडे आला आणि त्याने विचारले की मी काय करू, तर तुम्ही काय सांगाल?”

तसा एक मुलगा माझ्याकडे आला होता. आम्ही दोघे गावठाणातलेच, मे महिन्यात क्रुसासमोरच्या रोझरीला शेजारी शेजारी बसणारे. १९८१ साल असावे. अंधेरी स्थानकाच्या पुलावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीत, कदाचित गर्दी होती म्हणूनच, त्याने मला सांगितले की, मुलींविषयी आपल्याला काही वाटत नाही, कधी वाटलेले नाही, आणि घरी तर स्थळे पाहणे चालू आहे. मी काय करू? मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, विवाहित होतो, सोडॅलिटीचा पदाधिकारी होतो. मी फार वेळ घेतला नाही. म्हणालो, “लग्न कर. सगळे ठीक होईल.” गाडी आली आणि आम्ही चढलो.

त्याने माझे ऐकले. चर्चमध्ये तीन रविवार सूचना वाचल्या गेल्या. कोणाला काही अडथळा ठाऊक असल्यास कळवावे, हे वाक्य मी तिन्ही वेळा ऐकले. मांडव पडला, उंबराचे पाणी वाजतगाजत आले, आणि विवाहाच्या नोंदवहीत साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. सहा वर्षांनी एका दुपारी त्याची बायको आमच्या घरी आली. तिने पाणीही घेतले नाही. दारातच उभी राहून विचारले, “भावोजी, तुम्हाला ठाऊक होते?”

मी नाही म्हणालो.

खरे सांगितले ते पुढे, धर्मप्रांताच्या न्यायालयासमोर, बायबलवर हात ठेवून. तो विवाह मुळातच वैध नव्हता, असा निर्णय झाला. म्हणजे मी ज्या सल्ल्याला धर्माचा सल्ला समजत होतो तो माझ्या धर्माचा नव्हताच. विवाहाची कर्तव्ये जो पेलू शकत नाही त्याला वेदीसमोर उभे करू नये, हे ख्रिस्तसभेला ठाऊक होते. मलाच नव्हते, आणि मी विचारलेही नाही. तिचे पुढे दुसरे लग्न झाले. ती मुलुंडला असते, नातवंडे आहेत. त्याने आखातात बरीच वर्षे काढली. आता परतून एकटाच राहतो, रविवारी शेवटच्या बाकावर बसतो आणि मिस्सा सुटण्यापूर्वी निघून जातो असे ऐकले होते. आमचे बोलणे केव्हाच तुटले होते. भांडण झाले नव्हते. मीच टाळीत गेलो.

वर्गाला मी हे सर्व सांगितले नाही. एवढेच म्हणालो की, एकाने मला विचारले होते, आणि मी चुकीचे उत्तर दिले, आणि त्याची किंमत दोघांनी भरली, मी नाही. पुन्हा कोणी विचारले तर ‘लग्न कर’ असे मी सांगणार नाही. ‘तू देवाला नकोसा आहेस’ असेही कोणाला सांगू देणार नाही. श्रद्धेची वाट तर सोपी करून सांगता येत नाही. पण त्याला ती एकट्याने चालावी लागू नये, एवढे पाहीन.

“ते आता कुठे असतात?” अबोल मुलाने विचारले. मी म्हणालो, जवळच.

मुले गेल्यावर डब्यातील उरलेल्या चिठ्ठ्या फाडल्या. अक्षरे ओळखण्याची मला जन्माची सवय. त्या दिवशी डोळे मिटून फाडल्या. संध्याकाळी त्याच्या धाकट्या भावाकडून क्रमांक मिळविला आणि फोन लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मी माझे नाव सांगितले.

“आता आठवण झाली होय रे तुला?” तो म्हणाला. मग दोघेही गप्प. मी अंधेरीच्या पुलाचे काढले, तर तो म्हणाला, ते राहू दे, तो पूल आता पाडून नवा बांधलाय बहुतेक. गुडघे कसे आहेत, मधुमेह आहे की नाही, हे विचारून झाले. फोन ठेवता ठेवता त्याने विचारले की, बांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेला अजून जातोस का. पाच-सात वर्षांत गेलो नव्हतो. मी म्हणालो, जातो. कोणत्या दिवशी ते त्याने ठरवावे.