काठावरचा माणूस

काठावर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या भाषेने कधी न्याय दिला नाही. जेमतेम गुण मिळविणारा विद्यार्थी काठावर पास होतो, आणि दुसऱ्याची फजिती पाहणारा काठावरून गंमत पाहतो. धैर्य, पराक्रम, कीर्ती ही सारी बिरुदे आपण पाण्यात उडी घेणाऱ्यासाठी राखून ठेवली आहेत. पन्नाशी ओलांडेपर्यंत मीही याच समजुतीत होतो. किंबहुना त्या समजुतीचा मला चांगलाच लाभ झाला होता.

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थी एक अर्ज घेऊन माझ्याकडे आले. त्यांना पोहण्याचे मंडळ काढावयाचे होते. अर्जात तीन कलमे होती: वर्षातून एकदा शर्यती, हिवाळ्यात हुरड्याचे स्नेहसंमेलन, आणि गणेशविसर्जनाच्या दिवशी कयाधूच्या काठी दोर घेऊन स्वयंसेवा. पहिली दोन कलमे मला तत्काळ पटली. शर्यतीवाचून तरुणांना उत्साह येत नाही आणि हुरड्यावाचून मंडळ टिकत नाही. तिसऱ्या कलमापाशी मात्र मी थबकलो.

"तुम्हा सगळ्यांना पोहता येते. मग दोर कशाला?" मी विचारले.

त्यांच्यातील एक सडपातळ मुलगा म्हणाला, "म्हणूनच, सर. पोहता येणाऱ्यालाच आधी उडी मारावीशी वाटते."

मी मुकाट्याने अर्जावर सही केली. पण त्या वाक्याने मला पस्तीस वर्षे मागे नेले.

मी पोहायला शिकलो तो मामांच्या मळ्यातील विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा बांधून मामांनी मला खुशाल ढकलून दिले होते. पंधरा दिवसांत भोपळा सुटला. पुढे मुटका आला, सूर आला, बुडी मारून तळाचा गाळ मुठीत आणता येऊ लागला. गावात माझा लौकिक झाला. अकरावीत असताना त्याच विहिरीवर गणपती बोळवण्याच्या गडबडीत माझा एक मित्र पाय घसरून पडला. बुडणारा माणूस ओरडतो अशी माझी कल्पना होती. तो ओरडला नाही. नुसते तोंड उघडीत होता. मी उडी घेतली. त्याने दोन्ही हातांनी माझ्या गळ्याला मिठी मारली आणि आम्ही दोघेही खाली गेलो. तेव्हा मी त्याच्या छातीवर लाथ मारून स्वतःला सोडवून घेतले.

वर आलो तो तोंडासमोर जुन्या मोटेचा नाडा लोंबत होता. काठावर मामांचा सालगडी पाय रोवून उभा होता. नाडा मित्राच्याही हाती लागला, आणि त्या माणसाने लोकांच्या मदतीने आम्हा दोघांना वर ओढले. दुसऱ्या दिवशी शाळेत नारळ आणि शेला देऊन सत्कार झाला, तो माझा! टाळ्या वाजविणाऱ्यांत माझा मित्रही होता. सालगडी त्या वेळी बैलांना पाणी पाजीत असेल.

मंडळातील मुलांनी मला जे शिकविले ते त्या सालगड्याला न शिकता ठाऊक होते. प्रथम काठी पुढे करावी; ती न पोचल्यास दोर फेकावा; दोर नसेल तर तोंड बंद केलेली रिकामी घागर टाकावी; पाण्यात उतरणे हा अखेरचा उपाय, आणि तोही शिकलेल्यानेच करावयाचा. हा विचार नवा नव्हे. १८९१ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री प्रभृती जलतरणपटूंनी जीवरक्षणाच्या शिक्षणासाठी संस्था काढली, ती शर्यतींपलीकडे पोहण्याचे आणखी एक प्रयोजन आहे हे ओळखून. २०२० साली तमिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यातील कोट्टराई धरणावर तीन स्त्रियांनी अंगावरची लुगडी सोडून एकत्र बांधली, ती बुडणाऱ्या मुलांकडे फेकली आणि चौघांपैकी दोघांना वाचविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांच्यापैकी कितीजणांच्या आसपास एखादा दोर पडलेला असेल!

नामदेवांच्या नरसीवरून आमच्याकडे येणारी ही नदी प्रल्हादाच्या आईचे नाव धारण करते. तिच्या मुलाला समुद्रात लोटले तरी तो तरला. पण प्रत्येक आईचा मुलगा प्रल्हाद नसतो. अनंत चतुर्दशीला मुले रात्री उशिरापर्यंत काठावर उभी होती. गुलाल उधळला जात होता, ताशे वाजत होते. यांच्या हाती दोर होते आणि नजरा पाण्यावर. त्या रात्री कोणी बुडाले नाही. त्यामुळे सांगण्यासारखे काही घडले नाही, आणि त्यांचा सत्कारही झाला नाही.

पौषात हुरड्याच्या आगटीभोवती बसलो असता मी मुलांना विहिरीची ती हकीकत सांगितली. लाथेसकट सांगितली, आयुष्यात प्रथमच. कोणी हसले नाही. थोड्या वेळाने तोच सडपातळ मुलगा म्हणाला, "सर, त्या सालगड्याचं नाव काय होतं?"

मला सांगता येईना. मी ते कधी विचारलेच नव्हते.