बागेला वळसा

बॉल्सब्रिजमध्ये आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. वय ऐंशीच्या घरात, पण शनिवारचा गोल्फ चुकवत नाहीत. या मे महिन्यात ते आम्हा दोघांना रॉयल डब्लिनला घेऊन गेले. ह्यांना खेळायला आणि मला ट्रॉली ओढायला!

क्लब १८८५ सालचा. मैदान डब्लिनच्या उपसागरात, बुल आयलंडवर. हे बेटच मुळी दोनशे वर्षांचं. बंदराच्या तोंडाशी गाळ साचू नये म्हणून १८२०च्या दशकात समुद्रात लांब भिंत घातली आणि तिच्या आडोशाला वाळू साठत साठत बेट झालं. भूगोलात एम.ए. केलेल्या बाईला आणखी काय हवं?

मैदान चिंचोळं. आधीचे होल भिंतीपासून दूर जातात, नंतरचे परत येतात. "नैर्ऋत्येचा वारा असला, की जाताना जे उधार मिळतं ते येताना व्याजासकट फेडायचं," आजोबा म्हणाले. जाताना वारा पाठीशी, म्हणून चेंडू ग्रीनच्या अलीकडे टाकायचा आणि घरंगळू द्यायचा. येताना लांब पल्ल्याचा क्लब घ्यायचा, पण फटका हलका. जोर लावला, की चेंडू उंच चढतो आणि वारा त्याला गिळतो.

सोळावा होल आखूड. १९६६च्या कॅरोल्स स्पर्धेत क्रिस्टी ओ'कॉनर यांनी इथून पुढचे तीन होल २, ३, ३ असे अवघ्या आठ फटक्यांत संपवले आणि स्पर्धा जिंकली. हे ऐकून ह्यांच्या अंगात वारं शिरलं.

अठरावा होल उजवीकडे काटकोनात वळतो. आतल्या कोपऱ्यात 'गार्डन' नावाचं हद्दीबाहेरचं रान. त्यावरून मारलं तर अंतर वाचतं. चेंडू आत पडला तर एक फटका दंड आणि पुन्हा जुन्या जागेवरून. ह्यांनी दोन चेंडू बागेला वाहिले. आजोबांनी तीन छोट्या फटक्यांत वळसा घातला, दोन पट केले आणि टोपी सारखी केली.

"तुम्ही कधीच वरून मारत नाही?" मी विचारलं.

"चाळिशीत मारायचो. आता माझा फटका कुठवर जातो ते मला माहीत आहे."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. सांगलीत आठ वर्षं शिकवलं. इथे शिक्षिका व्हायचं तर टीचिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. 'शिकवीन तर भूगोलच, नाहीतर घरी बसेन' म्हणत चार वर्षं मी कागद खणात ठेवले होते. मीही बागेवरूनच बघत होते की!

सप्टेंबरपासून एका शाळेत मदतनीस म्हणून जाते. नोंदणीचा अर्जही दिलाय. फळ्यासमोर अजून उभी नाही, पण वर्गात आहे. परवा एका मुलाने नकाशात भारत दाखवायला सांगितलं, तेव्हा बोट थेट कृष्णाकाठी गेलं.

ह्यांचे दोन चेंडू मात्र अजून त्या बागेतच आहेत.