एका लहानशा झडपेची राखण

मोटारगाडी चालते कशी, हे बहुतेकांना थोडेफार ठाऊक असते. ती थांबते कशी, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. पेडल दाबले की गाडी थांबते, एवढ्याच ज्ञानाच्या भरवशावर आपण मुलाबाळांना मागच्या आसनावर बसवून घाट उतरतो. वास्तविक धावते वाहन सहज थांबवण्याइतके बळ माणसाच्या पायात नसते. त्याला उसने बळ घ्यावे लागते, आणि ते मिळते हवेकडून.

आपल्या सभोवतालची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोचा भार घालत असते. तो सर्व बाजूंनी सारखाच असल्यामुळे आपल्याला जाणवत नाही. गाडीचे बॉनेट उघडले की चालकाच्या बाजूस पत्र्याचा एक गोल, चपटा डबा दिसतो. तोच ब्रेकचा बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो. पेट्रोलचे इंजिन सुरू असताना एका नळीवाटे या डब्यातील हवा ओढून घेते. डिझेलच्या गाडीत हेच काम निराळा पंप करतो. आपण पेडल दाबताच पडद्याच्या एका बाजूस बाहेरची हवा शिरते, दुसऱ्या बाजूस निर्वात तसाच राहतो, आणि हवेचा भार पडद्याला पुढे रेटतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर हे बळ २०० किलोंच्या घरात जाते. बेल्जियमचे अभियंते अल्बर्ट देवांद्र यांच्या नावाने ओळखला जाणारा असा साहाय्यक ब्रेक जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ साली बाजारात आणला.

पण इंजिनच अकस्मात बंद पडले तर? उसने बळ देणारा सावकारच नाहीसा झाल्यावर पायाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे नळी जिथे बूस्टरला मिळते तिथे बसवलेली अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची झडप. मिस्त्री लोक तिला ‘चेक व्हॉल्व्ह’ म्हणतात. ती हवेला बूस्टरकडून इंजिनाकडे जाऊ देते, उलट येऊ देत नाही. त्यामुळे इंजिन थांबले तरी डब्यातील निर्वात टिकून राहतो आणि दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरती शिदोरी शिल्लक उरते. झडप बिघडली तर गाडी एरवी अगदी नीट चालते. ज्या क्षणी शिदोरीची गरज पडते, त्याच क्षणी ती रिकामी असल्याचे कळते. या दोषाचे खरे भय त्याच्या मूकपणात आहे.

आमच्या धर्मग्रामाची एक जुनी पेट्रोलची गाडी आहे. रुग्णांना इस्पितळात नेण्यासाठी आणि कधी जव्हारच्या डोंगराळ रस्त्याने जाण्यासाठी तिचा उपयोग होतो. ती चालवणारा तरुण एके दिवशी सहज म्हणाला, “फादर, सकाळी पेडल दगडासारखं लागतं. गाडी चालू केली की मऊ होतं.” मऊ होते म्हणजे चिंता नाही, असा त्याचा समज होता. एका गॅरेजमध्ये दाखवले, तेव्हा पूर्ण बूस्टर बदलण्याचा सल्ला मिळाला. खर्च मोठा होता. आम्ही गाडी गावातील वृद्ध मिस्त्रींकडे नेली. ते हसून म्हणाले, “फादर, बूस्टरला हात लावण्याआधी फुंकर मारून बघू.”

त्यांनी सपाट जागी हँडब्रेक ओढून, चाकांना दगडांची उटी लावून परीक्षा आरंभली. प्रथम इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबले, मग पाय तसाच दाबून इंजिन सुरू केले. पेडल किंचित खाली गेले. म्हणजे इंजिन चालू असताना बूस्टरला निर्वात मिळत होता आणि तो साहाय्य करीत होता. नंतर दोन मिनिटे इंजिन चालवून बंद केले आणि पाच मिनिटे थांबून पेडल दाबले. निरोगी गाडीत ते पहिल्यांदा खोल जाते आणि पुढच्या प्रत्येक वेळी थोडे वर थांबते. आमच्या गाडीत पहिल्याच दाबाला ते कडक निघाले. साठा गळत होता, हे सिद्ध झाले. आतल्या पडद्यातून हवा गळण्याचा सूं-सूं आवाज येत नव्हता. नळीलाही चीर नव्हती. मग त्यांनी झडप हलकेच फिरवत रबरी कड्यातून ओढून काढली आणि स्वच्छ पुसून दोन्ही तोंडांनी फुंकली. बूस्टरच्या बाजूने फुंकल्यावर हवा पार जावी, इंजिनाच्या बाजूने अडावी. इथे ती दोन्हीकडून बिनदिक्कत जात होती.

नवी झडप त्याच मापाची आणली. रबरी कडेही कडक झाले होते, तेही बदलले. कड्याला साबणाचे पाणी लावून झडप बसवली, तिच्यावरील बाण इंजिनाकडे ठेवला आणि नळीची क्लिप आवळली. काही गाड्यांत झडप नळीतच असते. तिथे पूर्ण नळी बदलावी लागते. तिच्या जागी साधी मऊ नळी लावू नये, कारण निर्वाताने ती चिपकून बंद होते. मग तीच परीक्षा पुन्हा घेतली, आवारात मंद गतीने गाडी थांबवून पाहिली आणि त्यानंतरच ती रस्त्यावर काढली.

वाचकांना एक कळकळीची विनंती करावीशी वाटते. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. असा चालक आपली शिदोरी भरणारा हातच तोडून टाकतो. दोन-तीन वळणांवर ब्रेक दाबला की साठा संपतो, पुढच्या वळणावर पेडल दगड होते आणि तो ‘ब्रेक फेल’ म्हणून ओरडतो. वस्तुतः ब्रेक तिथेच असतो; फक्त त्याला आता कितीतरी अधिक जोर हवा असतो. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलेच, तर पेडल पुनःपुन्हा दाबून साठा उधळू नये. एकदाच, सर्व बळ लावून दाबावे आणि गाडी थांबेपर्यंत पाय उचलू नये. किल्ली काढू नये, नाहीतर स्टेअरिंग अडकू शकते. हँडब्रेक हळूहळू ओढावा.

वाहनाची पूजा आपण वर्षातून एकदा करतो; ही परीक्षा महिन्यातून एकदा करावी. तिला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही आणि हत्यार एकही लागत नाही. ज्यांच्या घरातील मुले, नातवंडे घाटरस्त्याने जातात, त्यांनी आज सायंकाळीच इंजिन बंद करून, पाच मिनिटे थांबून, एकदा पेडल दाबून पाहावे. ते नेहमीसारखे खोल गेले, तर झडप साठा राखत आहे असे समजावे. दगडासारखे लागले, तर आधी मिस्त्रींचे दार ठोठवावे.